रिव्ह्यू फेटाळला तर त्या आदेशावर अपील होत नाही

"रिव्ह्यू फेटाळला तरी घाबरू नका! त्या आदेशावर अपील करता येते, मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते, तोवर दरखास्त थांबते." हा मेसेज महिनाभर फिरतोय. (रिव्ह्यू, म्हणजे पुनर्विलोकन: त्याच न्यायालयाला आपला निकाल पुन्हा तपासायला सांगणारा अर्ज. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची, अर्थात दाव्याच्या निकालावरून निघणाऱ्या आदेशाची, अंमलबजावणी.) कोणी पाठवला, कुठल्या कायद्याच्या आधारावर, काही पत्ता नाही. वाटणीच्या दाव्यात हरलेल्या माझ्या मामांपर्यंत तो पोचला आणि "आता सावकाश बघू" म्हणून ते निवांत झाले. म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिलं वाक्यच खोटं आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ४७, नियम ७ उघडून बघा. पुनर्विलोकनाचा अर्ज फेटाळणाऱ्या आदेशावर अपील नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. मेसेजवाल्याने अर्धवट काहीतरी वाचलेलं दिसतं, कारण त्याच नियमात पुढे म्हटलंय की रिव्ह्यू *मंजूर* झाला तर समोरच्या पक्षाला अपील करता येतं. तेवढं मान्य. अर्ज तुमच्या गैरहजेरीत फेटाळला असेल आणि गैरहजेरीला सबळ कारण असेल, तर तो पुन्हा फाईलवर घेण्याची मागणी करता येते, हेही मान्य. पण ते अपील नव्हे.

खरा घात मुदतीच्या वाक्यात आहे. समजा, कनिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा १० जानेवारीचा आणि रिव्ह्यू फेटाळला १५ जूनला. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, आणि ती मोजायची जानेवारीपासून. हुकूमनाम्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, रिव्ह्यूचे महिने आपोआप होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये डीएसआर स्टील विरुद्ध राजस्थान राज्य या निकालात हे स्पष्ट केलंय: रिव्ह्यू फेटाळला की मूळ हुकूमनामा त्यात विलीन होत नाही, तो जसाच्या तसा उभा राहतो, आणि आव्हान द्यायचं ते त्यालाच. रिव्ह्यू मनापासून आणि वेळेत चालवला असेल, तर तो काळ विलंब माफ करताना विचारात घेता येतो. घेता येतो, घेतलाच पाहिजे असं नाही. रिव्ह्यू फेटाळल्यावरही हातावर हात ठेवून बसलेल्या माणसाला तिथे काय सांगता येणार?

दरखास्त थांबते म्हणे! अहो, प्रत्यक्ष अपील दाखल केलं तरी हुकूमनाम्याला आपोआप स्थगिती मिळत नाही, आदेश ४१ नियम ५ तेच सांगतो. मग फेटाळलेल्या रिव्ह्यूने ती कुठून मिळणार? स्थगिती मागावी लागते, मिळवावी लागते.

मेसेजच्या शेवटी "पुन्हा रिव्ह्यू टाका" असा सल्लाही आहे. त्याच आदेश ४७ चा नियम ९ वाचा: रिव्ह्यूच्या आदेशावर रिव्ह्यू नाही. महसुली प्रकरणांतही रिव्ह्यू फेटाळणाऱ्या आदेशावर अपील नाही, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २५२ बघा. आणि ज्या क्युरेटिव्ह याचिकेचा (रिव्ह्यूही फेटाळल्यावरच्या शेवटच्या याचिकेचा) मेसेजमध्ये उल्लेख आहे, ती फक्त सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या निकालांसाठी, तीही अगदी विरळा. तालुक्याच्या कोर्टातल्या वाटणीशी तिचा काही संबंध नाही.

रिव्ह्यू नुकताच फेटाळला गेला असेल तर मूळ हुकूमनाम्याची नक्कल घेऊन आजच वकिलाकडे जा. अपील त्या हुकूमनाम्यावर करायचं, सोबत विलंब माफीचा आणि स्थगितीचा अर्ज जोडायचा.