सोलापुरातला डोंगर

सोलापूरकराला डोंगराची काय ओढ असते ते सातारच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे किल्लासुद्धा भुईकोट. लहानपणी चढायला मिळालेली एकमेव उंची म्हणजे शेजाऱ्यांनी बांधकामासाठी टाकलेली मुरमाची रास, आणि तिच्यावरूनही हाकलून द्यायचे. ती हौस पन्नाशीत उफाळली आणि मी दोन फुटी काचेच्या टाकीत डोंगर करायला घेतला.

कारण ताकाशी अमानो. या जपानी गृहस्थाने टाकीत माशांपेक्षा झाडांना मान दिला. दऱ्या, कुरणं, कडे, सगळं पाण्याखाली. आधी ते व्यावसायिक सायकलपटू होते. सायकल हाणणाऱ्याला चढ कळणारच. मी आयुष्यभर सात रस्ता ते नवी पेठ लूना चालवली.

तत्त्व सोपं आहे. पुढच्या काचेशी माती इंचभर, मागे पाच-सहा इंच. डोळा फसतो आणि फूटभर रुंदीची टाकी कोसभर खोल दिसते. माती मात्र बागेतली चालत नाही, पाण्यात तिचा चिखल होतो. भाजलेल्या मातीच्या गोळ्या लागतात. दिसायला काळा साबुदाणा. बायकोने पिशवीची किंमत विचारली. मी वजन सांगितलं.

रात्री अकरापर्यंत पट्टीने थापून झकास चढ केला. सकाळी टाकीत सोलापूर होतं.

गोल दाणे एकमेकांना धरून बसत नाहीत. कोरड्या वाळूचा ढीगसुद्धा तीसेक अंशांच्या पुढे उभा राहत नाही, आणि मी पंचेचाळीसचा कडा केला होता. मासे विकणारा दोस्त म्हणाला, "काय बे, नुसत्या मातीचा डोंगर असतंय का कुठं? पोटात दगड घाल की."

म्हणजे लाव्हाचे सच्छिद्र दगड जाळीच्या पिशवीत भरून तळाशी ठेवायचे आणि वरून माती. पिशवी सरकत नाही, महागडी मातीही वाचते. जाळीची पिशवी? कांद्याच्या बाजारपेठेच्या गावात हा प्रश्न पडू नये. स्वयंपाकघरातली भगवी जाळी रिकामी केली. कांदे परातीत गेले, त्यावर जे बोलणं झालं ते इथे नको.

वरच्या कड्यासाठी सीना नदीच्या पात्रातून दगड आणले. दगडावर लिंबू पिळून बघायचं. फसफसला तर चुनखडी, तो पाण्याचा जडपणा वाढवतो. आमच्या बोअरच्या पाण्याने आधीच बादल्यांना पांढरं अस्तर लावलेलं, त्यात आणखी भर कशाला? अर्धे दगड फसफसले. काळा बेसाल्ट ढिम्म राहिला. "सरबताला लिंबू नाही आणि दगडांना आहे," असं आई मांजराकडे बघून म्हणाली.

मग बांध. फाइलच्या पारदर्शक कव्हरच्या पट्ट्या कापून उतारावर आडव्या खोचल्या, वरून माती लोटली. दुष्काळी भागातल्या माणसाला समतल बांध शिकवावा लागत नाही. इथे मी अमानोंच्या बरोबरीला आलो.

आता पाणी. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, तोही मनाला येईल तेव्हा. मातीवर ताट ठेवून त्यावर बारीक धार सोडायची, म्हणजे उतार खचत नाही. मी ताट ठेवून उकडीने घामाघूम होत तांब्यातांब्याने ओतत होतो. तेवढ्यात "पाणी आलं!" अशी गल्लीभर आरोळी उठली. टाकी रिकामी दिसणं हा आईच्या लेखी गुन्हा आहे. तिने नळी आणून पूर्ण सोडली. ताट तरंगलं. दोन बांध फुटले. उजनी धरण भरल्यावर खाली काय होतं ते मी बसल्या जागी पाहिलं.

पुन्हा रचलं. तेव्हा पिशवीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं वाचलं: नव्या मातीतून अमोनिया सुटतो, म्हणून पहिले काही आठवडे मासे सोडू नयेत आणि पाणी वरचेवर अर्धं बदलावं. वरचेवर! ज्याने हे लिहिलं तो उजनीचं पाणी पीत नसावा. आमच्या घरी मी अंघोळीची अर्धी बादली वाचवून डोंगराला घातली. निघालेलं पाणी तुळशीला. तुळस एवढी माजली की शेजारच्या वहिनी खत कुठलं घालता विचारू लागल्या.

महिनाभराने उतारावर गवत धरलं. मुळं माती धरतात, पुढे पट्ट्यांची गरज उरत नाही, असं दोस्त म्हणाला होता. मी खुशीत येऊन कोरीडोरास नावाचे मासे आणले. नावातच कोरणं आहे हे लक्षात यायला हवं होतं. ते तळाशी तोंड खुपसून अन्न शोधतात. गवताला त्यांनी हात लावला नाही. शिखर तेवढं उकरलं.

परवा मेहुणे आले. शेंगाचटणी-भाकरी खाता खाता टाकीकडे बघत राहिले. डोंगराच्या माथ्यावर मातीतून भगवी जाळी वर आली होती.

"दाजी, हा ज्वालामुखी का?"

"हो," म्हटलं. आत लाव्हाच होता.