‘पूर्वी खेड्यात सोडचिठ्ठी नव्हती’ हे खरं नाही

घराघरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: दीडशे वर्षांपूर्वी आपल्या खेड्यात घटस्फोट नव्हते, विधवा दुसरं लग्न करत नव्हत्या, मुलीच्या बापाला हुंडा चुकत नव्हता, थोरांनी जुळवलेले संसार मात्र जन्मभर टिकत होते. यातलं बरंचसं मोजक्या वरच्या जातींच्या घरांपुरतं खरं आहे. शेती कसणाऱ्या, मेंढरं राखणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या बायकांचं आयुष्य वेगळं होतं, आणि ते असं पुसलं जातं याचा मला राग येतो.

घटस्फोट नव्हते? कुणबी, माळी, धनगर अशा कितीतरी जातींत काडीमोड होत असे. पंचांसमोर गवताची काडी मोडली, सोडचिठ्ठी दिली की बाई मोकळी. मुंबईचा गव्हर्नर एलफिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जातिरिवाजांची चौकशी केली, त्यात हे सगळं नोंदलेलं आहे. उलट 1876 साली मुंबई हायकोर्टानेच ठरवलं की लग्न मोडायचा किंवा बाईला दुसरं करू द्यायचा अधिकार जातीला नाही. ‘पूर्वापार’ म्हणून सांगितली जाणारी न सुटणारी गाठ अशी कोर्टानेही आवळली आहे.

विधवांचं तर पाट लावून, म्हणजे जातीच्या रीतीने पुनर्विवाह करून, सर्रास लग्न होई. त्याला पहिल्या लग्नाचा मान नसे, हेही सांगायला हवं. पाट रात्री लागे, सवाष्णी लांब राहत, आणि नवरा बिनलग्नाचा असेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. पण तो होई, आणि इतका नित्याचा होता की मराठेशाहीत सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घेई. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, कारण त्यांच्या सुतार जातीत तशी रीत होती. 1869 साली मुंबईत एका ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह झाला तेव्हा मात्र गदारोळ उठला. पुढे 1896 साली हायकोर्टाने निकाल दिला की जातीत पाटाची रीत असली, तरी पाट लावणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीला मुकणार.

हुंड्याचं थोडक्यात सांगते. या जातींत बहुधा मुलाकडचेच मुलीच्या बापाला पैसे, म्हणजे देज, देत. पण म्हणून मुलीची किंमत राखली जाई असं कुणी समजू नये. ती नवरा सोडून दुसऱ्याच्या घरी गेली तर नव्या नवऱ्याने जुन्याचा लग्नखर्च भरून द्यायचा, आणि मुलं बहुतेक बापाच्याच घरी राहायची.

राहिलं थोरांनी जुळवण्याचं. मुलगी आठ-दहा वर्षांची असताना तिची पसंती विचारणार कोण? संमतिवयाची, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीच्या किमान वयाची, मर्यादा 10 वरून 12 करणारा कायदा 1891 साली आला, तेव्हा पुण्यात त्याच्याविरुद्ध केवढं रान उठलं होतं! जाणत्या वयात स्वतःचं मत चालवायची थोडी जागा बाईला मिळाली ती पाटातच. वारल्यांत तर जोडपी आधी एकत्र नांदत, मुलंही होत, आणि पैसे जमले की मग धवलेरी बाई गाणी म्हणत त्यांचं लग्न लावी. लग्नाआधी एकत्र राहणं म्हणजे आजचं शहरी खूळ, असंही त्या मजकुरात आहे. डहाणू-जव्हारच्या पाड्यांवर ते चारचौघांत चालत आलेलं आहे.