दीडशे अक्षरांत मावेल तेवढी लेक

आमच्या वेळी कॉलेजची ॲडमिशन म्हणजे गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, दोन्हींच्या साक्षांकित प्रती आणि एप्रिल-मेची सवय असलेलं डोकं, कारण रांग उन्हातच असायची. आपण माणूस म्हणून कसे आहोत हे कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर आमची अर्धी बॅच घरी बसली असती. सीईटी आजही तसलं काही विचारत नाही, म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे. पण अकरावीत असताना आमच्या लेकीनं जाहीर केलं, की इथल्या परीक्षा देईनच, शिवाय अमेरिकेतल्या कॉलेजांनाही अर्ज करीन, आणि स्कॉलरशिप मिळाली तरच जाईन. शेवटचं वाक्य ऐकून मी लगेच परवानगी दिली.

तिकडची बरीचशी कॉलेजं ‘कॉमन ॲप’ नावाच्या एकाच ऑनलाइन फॉर्मवर अर्ज घेतात. मार्क लागतातच, आणि तेही नववीपासूनचे. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की नववी प्रत्यक्ष आईबापांनाही आठवत नाही. सॅट नावाची १६०० मार्कांची परीक्षा असते. ती कुणाला हवी, कुणाला चालेल, कुणाला नको. एमआयटीनं २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश ठरवणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं. म्हणजे जिथे पैसे मिळायची शक्यता जास्त, तिथे घुसायची शक्यता कमी. हा हिशोब मला बँकेतल्या नोकरीमुळे चटकन पटला.

पंचाईत पुढे होती. अभ्यास सोडून तुम्ही काय करता, यासाठी १० रकाने. प्रत्येक कामाचं वर्णन १५० अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. पदासाठी ५० अक्षरं. संस्थेच्या नावाला १००. आमच्या सोलापुरात शिक्षणसंस्थेचं नाव संस्थापकांच्या पदव्यांसकट तेवढ्यात बसवणं म्हणजे संस्थापकांचा अपमान. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, तेही सांगायचं.

पुण्याचे एक सल्लागार ऑनलाइन भेटले. पहिला अर्धा तास फुकट होता, म्हणून मी घड्याळ समोर ठेवून बसलो. त्यांनी लेकीला चार प्रश्न विचारले आणि मान हलवत म्हणाले, “प्रोफाइलला स्पाइक नाहीये.”

“तिला तसलं काही नाही, प्रकृती चांगली आहे,” माझी आई मागून म्हणाली.

स्पाइक म्हणजे एखाद्याच गोष्टीत उठून दिसणं. सल्लागारांच्या मते उपाय सोपा होता. मुलीनं काहीतरी ‘फाउंड’ करावं. यात नवीन काही नव्हतं, कारण तिच्या वर्गात संस्थापक नसलेलं पोरगं शोधावं लागतं. कुणाचं फाउंडेशन, कुणाची चळवळ. जुन्या पुस्तकांचा एकच गठ्ठा या फाउंडेशनकडून त्या फाउंडेशनकडे फिरतोय. आमच्या घरून गेलेलं आठवीचं नागरिकशास्त्र फिरत फिरत आमच्याच दारात दान म्हणून आलं. सिद्धेश्वर तलावाच्या काठी रविवारी सकाळी जेवढा कचरा असतो त्यापेक्षा तो उचलणारे जास्त असतात, आणि त्यांचे फोटो काढणारे त्याहून जास्त. शेजारच्या चिरंजीवांनी माळढोक वाचवायला घेतला. नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून आहे, पण माळढोक आता तिथे नशीब असेल तरच दिसतो. चिरंजीव आईबापांसह एसी गाडीतून गेले, काळवीट बघून आले, वाटेत हुरडा खाल्ला, आणि संध्याकाळी फोटोखाली ‘कॉन्झर्व्हेशन लीडर’ झाले होते. माळढोकाला अजून कळवलेलं नाही.

लेक तोवर कॉलेजांनी स्वतः लिहिलेलं वाचत बसली होती. त्यांचं म्हणणं असं की दहा ठिकाणी तोंड दाखवण्यापेक्षा एखाददुसऱ्या कामात वर्षानुवर्षं टिकलेलं पोर बरं. आणि अकरावी संपताना उघडलेल्या संस्था त्यांना दुरूनच ओळखू येतात. हे वाचून ती निवांत झाली आणि मी घाबरलो, कारण मग लिहायचं काय?

मधल्या काळात शिफारसपत्रांचा घोळ झाला. शिकवणाऱ्या शिक्षकांनी पत्र लिहायचं, स्वतः अपलोड करायचं, आणि विद्यार्थ्यानं ते बघण्याचा हक्क सहसा सोडून द्यायचा. आमच्याकडची रीत उलटी. पत्र विद्यार्थ्यानं लिहून आणायचं आणि सरांनी न वाचता सही करायची. फिजिक्सचे सर चक्रावले. “तुलाच दाखवायचं नाही? मग मी एवढं चांगलं कुणासाठी लिहू?” तरी त्यांनी मनावर घेतलं आणि पहिला खर्डा फोनवर मला वाचून दाखवला: सदर विद्यार्थिनी होतकरू, मनमिळाऊ व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे. मला भरून आलं. माझ्या दाखल्यावरही हेच होतं. मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, यात मी कुठे आहे? त्यांना एखादा प्रसंग हवा असतो, वर्गात काय विचारलं, कुठे अडले, मग काय केलं. सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “प्रसंग हाय की! ही वर्गात येते.” अकरावी-बारावीची सगळी जनता क्लासला असते आणि ज्युनियर कॉलेजच्या बाकांवर कबुतरं असतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या पराक्रमाची उंची कळेल. रिकाम्या वर्गात तिनं विचारलेल्या शंका सरांना एकूण एक आठवत होत्या. पत्र पान भरून झालं.

निबंध ६५० शब्दांचा. मी डॉ. कोटणीस सुचवले. सोलापूरचे सुपुत्र, १९३८ साली चीनला गेले, १९४२ साली तिथेच वारले. गावातल्या कुठल्याही वक्तृत्व स्पर्धेत त्यांच्यावाचून बक्षीस मिळत नाही. लेक म्हणाली, “बाबा, कोटणीसांना ॲडमिशन नकोय. मला हवीय.”

आणि मग तिनं त्या दहा रकान्यांवरची यादी उघडून दाखवली. कामाचा प्रकार निवडायचा असतो: खेळ, संगीत, वादविवाद, पगारी नोकरी, आणि त्यातच एक, ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घरचं काम, भावंडं सांभाळणं, आजारी माणसाचं करणं, घरच्या धंद्यात हात लावणं, हे सगळं तिथे लिहिता येतं.

आता आमच्या घरची मुख्य जबाबदारी म्हणजे पाणी. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात. ते भरलं की आम्ही पेपरात फोटो बघतो आणि पेढे वाटतो. नळाला मात्र पाणी काही दिवसांआड, आणि ते रात्री किती वाजता येईल ते पाणी सोडणारे चावीवाले मामा जाणोत. आई वर्षानुवर्षं कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी पाण्याच्या वेळा लिहायची. नववीत लेकीनं ते काम घेतलं. आधी वही, मग एक्सेल. वीज कधी गेली, टाकी कधी भरली, मामा कधी सुट्टीवर गेले, सगळं मांडलं. वर्षभरात तिचा अंदाज असा बसायला लागला, की गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा मेसेज आला की लोक गजर लावतात: ‘आज रात्री अडीच ते साडेतीन.’ खालच्या पद्मशाली आजींना ती स्वतः जाऊन तेलुगूत ‘नीळ्ळु वस्ताय’ (पाणी येतंय) सांगते, समोरच्या कन्नड घरात ‘नीर बरतद’. एका घरानं साखरपुड्याची तारीख गुरुजींच्या आधी तिला विचारली. याशिवाय ती आत्याच्या शेंगा चटणीचा हिशोब बघते, पण ते चटणीच्या बोलीवर, म्हणून पगारी नोकरीत घालावं की नाही यावर घरात दोन गट पडले.

“पाणी भरलं म्हणून अमेरिकेत घेतात?” आई म्हणाली. “मग मला तर तिथं प्राध्यापकच करतील.”

सल्लागार हे ऐकून खुर्चीत सरसावून बसले. “एक्सलंट! याला इंग्रजी नाव द्या, लोगो करा, शेवटी इनिशिएटिव्ह असं काहीतरी येऊ द्या.” लेक म्हणाली, गल्लीला नाव नको, पाणी हवंय. एव्हाना फुकटचा अर्धा तास संपला होता, त्यामुळे मीही तिच्या बाजूनं बोललो.

मग १५० अक्षरांशी झटापट. एक्सेल घातलं की तेलुगू बाहेर, तेलुगू घेतलं की चावीवाले मामा बाहेर. शेवटी मामा निबंधात गेले, तिथे त्यांना ऐसपैस जागा मिळाली. पदाच्या जागी ‘वॉटर टाइमकीपर’ आलं. पहिली मुदत १ नोव्हेंबरची, म्हणजे ऐन दिवाळीच्या आसपास. घरात एकीकडे चकल्या मोडत होत्या, दुसरीकडे वाक्यं. अर्ज गेला.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच पाण्याच्या रात्री खाली बघतो तर अकरावी-बारावीची सगळी पोरं बादल्या घेऊन हजर. कन्झर्व्हेशन लीडर तर घागर खांद्यावर घेऊन आईला म्हणत होते, आधी व्हिडिओ काढ. सकाळी त्याची आई आमच्या आईकडे आली.

“आजी, तुम्ही गल्लीतल्या सगळ्यात जुन्या. आमचा पोरगा तीन वर्षं पाणी भरतोय, एवढं लिहून सही करा की वो.”

आईनं चष्मा लावला, कागद वाचला आणि परत दिला. “आधी महिनाभर भरू दे. कॅलेंडरवर मांडते मी.”