सोलरच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंत की बिल शून्य येईल असं सांगितलं होतं, आलं नाही. ॲपमध्ये डिसेंबरची 288 युनिट दिसतात आणि बिलात एक्सपोर्ट, म्हणजे तुमच्याकडून लाइनला गेलेली वीज, 171च, मधली 117 कुणी खाल्ली? लाइट गेली की सोलरही बंद. आणि नऊ दिवस आमचा फोन कुणी उचलला नाही.

फोनचं खरं आहे. बोर्डावरचा नंबर आमच्या जुन्या मुलाचा होता, तो काम सोडून गेला आणि सिमही घेऊन गेला. आता तिथे माझा नंबर आहे.

रिव्ह्यू वाचून शनिवारी दुपारी मी तुमच्या गच्चीवर येऊन बसलो. तुम्ही घरी नव्हता, वहिनींनी चहा दिला. अडीचच्या सुमारास शेजारच्या बंगल्यावरच्या काळ्या टाकीची सावली पाचव्या पॅनलच्या कोपऱ्यावर चढली, साडेतीनला सहावाही झाकला. आम्ही पाहणी केली होती मे अखेरीला. तेव्हा साताऱ्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेलाच असतो, टाकीची सावली पॅनलकडे फिरकतही नाही. थंडीत तो दक्षिणेकडे उतरतो आणि सावल्या लांबतात. एवढं मला कळायला हवं होतं. सहाही पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग साखळीत जोडलेले आहेत, त्यामुळे दोन झाकले की उरलेल्या चारांवरही परिणाम होतो. तुमच्या 3 किलोवॅटला डिसेंबरात साडेतीनशेच्या आसपास युनिट यायला हवी होती. ही चूक आमची. दोन पॅनल जिन्याच्या स्लॅबवर हलवतो, स्ट्रक्चर आणि केबल आमच्या खर्चाने.

‘शून्य बिल’ हा शब्दही आमच्याच माणसाचा. युनिट कितीही वळती झाली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. तो शब्द आमच्या पत्रकावरून काढला आहे.

पण ती 117 युनिट कुणी खाल्ली नाहीत, तुमच्याच घरात वापरली गेली. पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा म्हणजे सोलरचा इन्व्हर्टर. त्यातून निघालेली सगळी वीज ॲप मोजतं. दिवसा फ्रिज, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन यांनी घेतलेली वीज मीटरपर्यंत पोचतच नाही. उरते तेवढीच एक्सपोर्टमध्ये दिसते. ही 117 एरवी विकत घ्यावी लागली असती.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बंद पडतो, तो बिघाड नाही. लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या गच्चीवरून करंट उलटा गेला तर त्याचं काय होईल? बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर लावला तर घरापुरती वीज चालू राहते, पण तुमच्याकडे आठवड्यात तासभर लाइट जाते. तेवढ्यासाठी तो खर्च करू नका, घरातला जुना साधा बॅटरी-इन्व्हर्टर पुरे आहे.

आणखी एक, आत्ताच सांगून ठेवतो. मी काही वर्षं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम केलंय. तिथे खरा हंगाम पावसाळ्याचा, जून ते सप्टेंबर. सोलरचं नेमकं उलटं. त्या महिन्यांत तुमची युनिट कमी होतील. एप्रिल-मेची शिल्लक पुढच्या बिलांत वळती होते, पण 31 मार्चला हिशेब नव्याने सुरू होतो. तेव्हा जुलैचं बिल बघून दचकू नका.

बुधवारी सकाळी नऊला दोघं जण शिडी घेऊन येतील, मीही असेन. शेजाऱ्यांना तेवढं टाकीवरून काही बोलू नका. टाकी आमच्या आधीपासून तिथेच आहे.