15 वर्षांची सेडान भंगारातच? मुंबईत तसा नियम नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘मुंबईत 10 वर्षांपुढची सेडान म्हणजे पांढरा हत्ती. 15 वर्षं झाली की ती सक्तीने भंगारात जाणार. इंजिन बसतं, पत्रा गंजतो, पार्ट मिळत नाहीत, आणि दुरुस्तीच्या पैशांत नव्या गाडीचा हप्ता निघतो. वेळीच काढून टाका.’ हे वाचून लोक घरच्या हातात राहिलेल्या, धडधाकट गाड्या मातीमोल भावात देऊन टाकताहेत. आमची 2010 सालची पेट्रोल सेडान आजही रोज रस्त्यावर असते, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी भंगाराचं. 10 वर्षांपुढच्या डिझेल आणि 15 वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरची जी बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये उचलून धरली, ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरती (एनसीआर) होती. आपल्याकडे खासगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, 15 वर्षांचं असतं. मुदत संपायच्या आत आरटीओत गाडी दाखवायची, तपासणीत पास झाली की पुढची 5 वर्षं मिळतात. खर्च वाढलाय, हे खरं. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाली, 20 वर्षांपुढच्या गाडीला 2025 पासून 10,000 आहे, आणि वर पर्यावरण कर. तरी त्यापायी गाडी मोडीत काढण्याची गरज नाही.

‘इंजिन बसतं’ हे सर्वांत जास्त पसरलेलं आणि सर्वांत चुकीचं. साधं पेट्रोल इंजिन वयाने बसत नाही, तापून बसतं. सायन किंवा एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सगळा भार फॅनवर येतो. सिग्नलला तापमानाचा काटा चढतोय आणि गाडी पळायला लागली की उतरतोय, तर फॅन, त्याची मोटर किंवा रिले (फॅन चालू करणारा स्विच) तपासायला घ्या. अशा वेळी कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतत राहिलात की आत क्षार आणि गंज साचतो, ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापून वाकतं, त्याखालचं सील (हेड गास्केट) जातं. मग मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल, आणि मालक म्हणतो, गाडी जुनी झाली. ऑइलचंही तसंच. मुंबईत किलोमीटर कमी पडतात, पण उभ्या गाडीत इंजिन तासन्‌तास चालू असतं, ते मीटरवर दिसत नाही. म्हणून किलोमीटर न बघता वर्षाला ऑइल बदलावंच.

गंजाच्या मुद्द्यात तथ्य आहे. खारी हवा, चार महिने पाऊस. पण गंज सुरू होतो तो पाणी अडतं तिथे. वायपरखालच्या जाळीत झाडाचा पाला साचतो, पाण्याची वाट बुजते आणि ते आत उतरतं. मोठा पाऊस पडून गेला की पुढचं डावं मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर तळहात दाबून बघा. एसी बंद असतानाही ओल येत असेल तर पावसाचं पाणी आहे. एसी लावल्यावरच येत असेल तर एसीची पाण्याची नळी तुंबलीय. दोन्ही कामं किरकोळ आहेत. दुर्लक्ष केलं तर मात्र फ्लोअरचा पत्रा जातो, आणि तो पत्रा जोडणं फार महागात पडतं.

पार्ट? डिझायरसारखी गाडी टॅक्सी म्हणून शहरभर धावते, तिचे पार्ट कुठेही मिळतात. बाकीच्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. अडचण येते ती कंपनीच देशातून गेली किंवा मॉडेल मोजकंच विकलं गेलं तर.

हप्त्याचा हिशेब सरळ मांडा. 8 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, 5 वर्षं: महिन्याला सुमारे 16,600 रुपये, वर्षाला जवळपास 2 लाख. क्लच, सस्पेन्शन, टायर, बॅटरी असं सगळं एकाच वर्षात निघालं तरी साध्या पेट्रोल सेडानला एवढा खर्च येत नाही. डिझेलचं वेगळं, टर्बो आणि इंजेक्टर एकदम निघाले तर विकण्याचा विचार रास्त आहे.

ज्या कारणाने जुनी सेडान खरोखर बदलावी, ते या मेसेजमध्ये नाहीच. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग नव्या मोटारींना 2019 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कितीतरी बेस मॉडेलमध्ये दोन्ही नाहीत, आणि ती गॅरेजमध्ये नंतर बसवूनही मिळत नाहीत. अशी गाडी घरच्यांना घेऊन दर शनिवारी पुणे एक्स्प्रेसवेवर जात असेल, तर ती बदलाच. दादर-परळ एवढंच फिरणं असेल तर ठेवा, पण टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे आज वाचा: 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. इतका जुना टायर, नक्षी शाबूत दिसली तरी, पुढच्या पावसाच्या आत बदला.