ताप आला नाही म्हणजे लस वाया गेली का?

लस घेतलेल्यांसाठी म्हणून एक संदेश या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. तीन दिवस आंबट, अंडी, मांस बंद, अंघोळ नको, घरी येताच तापाची गोळी घ्या, आणि ताप आलाच नाही तर लस लागू झाली नाही असं समजा. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण यातला एक सल्ला विनाकारण घाबरवतो आणि एक चक्क नुकसान करू शकतो.

"ताप नाही म्हणजे लस लागू नाही." या वाक्यानं माणसं हवालदिल होतात, म्हणून आधी तेच घेऊ. फायझरच्या कोविड लसीच्या २०२० सालच्या मोठ्या चाचणीत दुसऱ्या डोसनंतर ५५ वर्षांपर्यंतच्या साधारण १६ टक्के लोकांना ताप आला, त्यापुढच्या वयात ११ टक्क्यांना. लस मात्र सुमारे ९५ टक्के परिणामकारक ठरली. म्हणजे ज्यांना ताप आला नाही, त्यांचंही संरक्षण झालंच. ताप, कणकण, दंड दुखणं ही शरीराची पहिली, सरसकट हालचाल असते. रोगाला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) पुढच्या दोनेक आठवड्यांत तयार होतात आणि ती होताना आपल्याला काहीच जाणवत नाही.

"ताप येण्याआधीच गोळी घ्या." हे मला सर्वांत जास्त खटकतं, कारण लहान बाळांनाही अशी गोळी किंवा औषध दिलं जातं. चेक प्रजासत्ताकातल्या ४५९ बाळांवरचा अभ्यास २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. लसीनंतर लगेच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण अनेक लसींची प्रतिपिंडंही कमी तयार झाली. म्हणून ताप आला, त्रास होतोय, मग गोळी, हा क्रम ठेवा. अपवाद आहेत: मेनिंजायटिस बी या मेंदूच्या आवरणाच्या आजारावरच्या लसीसोबत काही देशांत बाळांना आधीच पॅरासिटामॉल देतात. ते डॉक्टर सांगतील. मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनानं कधीही देऊ नका.

"आंबट, अंडी, मांस बंद." दंडात टोचलेली लस पोटातून जातच नाही, लिंबानं ती विरघळणार कुठे? एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तर तो एरवीही टाळायचाच. बाकी भूक लागेल ते खा, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त प्या. उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर राहिलं की थकवा, डोकेदुखी आणखी वाढते. तोंडावाटे रोटाव्हायरसची लस घेतलेल्या बाळालाही अंगावर पाजायला हरकत नाही.

"अंघोळ नको." खुशाल करा. देवीच्या लसीनं फोड यायचा, तो जपावा लागायचा. बहुधा तिथूनच हा नियम उरला असावा. टोचलेली जागा चोळू नका, गार ओली घडी ठेवा, हात हलता ठेवा.

आता या संदेशात जे नाहीच ते: लस घेतल्यावर तिथेच पंधरा मिनिटं बसून राहणं. भोवळ येणारे बहुतेक जण याच वेळात कोसळतात, विशेषतः किशोरवयीन मुलं. तीव्र अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ, दहा लाख डोसमागे एखाद-दुसरी. पण ती बहुतेकदा काही मिनिटांतच दिसते आणि तेव्हा औषध हाताशी लागतं. अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, श्वास अडकणं यांतलं काहीही दिसलं, घरी गेल्यावर दिसलं तरी, तडक दवाखाना गाठा. बाळ तीन तासांहून जास्त सलग रडत राहिलं किंवा ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, तरीही डॉक्टरांना दाखवा.