आजी-आजोबांपर्यंतचा रस्ता

बंद घरात एखादी म्हातारी व्यक्ती गेली, चार दिवसांनी शेजाऱ्यांच्या लक्षात आलं आणि मुलगा परदेशात असल्याचं कळलं, की आपल्याकडे वाद पेटतो. मुलं कृतघ्न आहेत, असं एक बाजू म्हणते. आईवडिलांनीच हौसेनं पाठवलं ना, मग आता रडायचं कशाला, असं दुसरी म्हणते. श्टुटगार्टमध्ये बसून मी हा वाद वाचतो तेव्हा वाटतं, यात एका फार मोठ्या वर्गाचा कुणी उल्लेखच करत नाही. डोंबिवली, विरार, दिव्यात राहणारी माणसं. त्यांचे आईवडील साडेतीनशे किलोमीटरवर आहेत, तरी भेट होते ती गणपतीत, शिमग्यात आणि जमलंच तर मे महिन्यात. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच.

आईबाबा लांजा तालुक्यात असतात. आम्ही सुट्टीवर आलो की भावाचं आणि माझं कुटुंब मिळून एक मोठी गाडी भाड्यानं घेतो आणि डोंबिवलीहून पहाटे तीनला मुंबई-गोवा महामार्गानं निघतो. माणगावचा बाजार जागा व्हायच्या आत पार व्हायचं, हे गणित कोकणातल्या घराघरात पाठ आहे. टपावर बाबांची कमोडची खुर्ची बांधलेली. मागे औषधांचे खोके, मोठ्यांच्या डायपरची पाकिटं, आईच्या गुडघ्याचे पट्टे. वडखळ ओलांडेपर्यंत एखादं तरी पोर ओकतं.

आईचा फोन तासातासाला येतो. “कशेडी उतरलात काय रे?” कशेडीला आता बोगदा झाला, तरी तिचं घड्याळ घाटांवरच चालतं. कशेडी उतरली की नारळ खवायचा, परशुराम आला की बाबांना आंघोळीला पाठवायचं, हातखंबा आला की तांदूळ वैरायचे. बाबांना साखरेचा त्रास आहे. पण नातवंडं आल्याशिवाय ते पानावर बसत नाहीत. आम्ही कोलाडच्या पुढे दोन तास अडकलो, तर तिकडे ऐंशी पार केलेला माणूस दोन तास उपाशी राहतो, आणि सांगूनही ऐकत नाही. वाहतूक कोंडी ही माझ्या लेखी त्यांच्या तब्येतीची गोष्ट आहे.

या महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हा जन्मलेली मुलं आता माध्यमिक शाळेत आहेत आणि इंदापूर-माणगावचे बाह्यवळण रस्ते रखडले ते रखडलेच. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरच्या उड्डाणपुलाचा भाग 2023 मध्ये काम चालू असतानाच कोसळला. पण याच रस्त्यावर महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल ऑगस्ट 2016 च्या पुरात वाहून गेला, त्यात दोन एसट्या माणसांसकट गेल्या, आणि नवा पूल पुढच्या पावसाळ्याआधी उभा राहिला. मनात आणलं तर होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून बाकीच्या दिरंगाईचा मला जास्तच राग येतो.

इथे आमच्या खालच्या मजल्यावर एक तुर्की कुटुंब राहतं. जर्मनी आणि तुर्कस्तानचा कामगार भरतीचा करार झाला 1961 मध्ये. त्या करारानं आलेल्या पहिल्या पिढीपासून उन्हाळ्यात गाडीनं गावी जायची रीत पडली. ऑस्ट्रिया, तेव्हाचा युगोस्लाव्हिया, बल्गेरिया आणि मग एदिर्नेजवळची कापिकुलेची सीमा. श्टुटगार्टहून तिथवरच अठराशे-एकोणीसशे किलोमीटर अंतर होतं, अनातोलिया पुढेच. युगोस्लाव्हियातला तो जुना रस्ता अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. नव्वदच्या दशकात तिथे युद्ध पेटलं, तर लोक इटलीला उतरून गाड्या बोटीवर चढवून गेले, पण गेले. आता बहुतेक वाट महामार्गाची झाली आहे. सीमेवर भर उन्हात तासन्‌तास रांग लागते, ती मात्र अजून तशीच. शेजारीण जूनपासून जिना चढता-उतरता सामानाच्या याद्या सांगते. तिच्या यादीतही औषधं आणि गुडघ्याचे पट्टे असतात.

या प्रवासाला जर्मनीची एक जुनी व्यवस्था मदत करते. शाळांची उन्हाळी सुट्टी इथे निरनिराळ्या राज्यांत वेगवेगळ्या तारखांना सुरू होते, राज्यं आपसांत ठरवून घेतात, सगळा देश एकाच शनिवारी रस्त्यावर येऊ नये म्हणून. गणपती वेगवेगळ्या तारखांना आणता येणार नाहीत, ते कुणी सुचवूही नये. पण मे महिन्याच्या सुट्टीचं काय? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणजे वेगळ्या तारखा आपल्याला अगदीच परक्या नाहीत.

जर्मनीचं सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. 2020 पासून इथे वर्षाला एक लाख युरोंपेक्षा कमी कमावणाऱ्या मुलांकडून आईवडिलांच्या शुश्रूषेचा खर्च सरकार मागत नाही. पैशाची टांगणी सुटली, हे चांगलंच झालं. पण आमच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमाच्या खिडक्यांत बसलेली माणसं मी रोज पाहतो. भेटीला येणारे रविवारी दुपारी तेवढे येतात. आपल्याकडे उलट. 2007 च्या कायद्यानं मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. तो कायदा हवाच, कारण घराबाहेर काढलेली माणसं मी गावात पाहिली आहेत. पण जो मुलगा जायला तयार आहे, त्याची वाट कुणी बांधायची? गणपतीत टोल माफ होतो, अवजड वाहनं थांबवतात, 2025 मध्ये कोकण रेल्वेनं कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मोटारी रेल्वेवर चढवून न्यायची सोयही केली. हे सगळं सणापुरतं. म्हातारपण बारा महिन्यांचं असतं. बाबांचं मोतीबिंदू जुलैत निघालं, तेव्हा भावाला दोन दिवसांची सुट्टी मिळाली आणि त्यातला दीड दिवस रस्त्यानं खाल्ला.

कुणाचं मूल अमेरिकेत आहे आणि कुणाचं गावात, यावर माणुसकी मोजणं सोपं आहे, म्हणून तो वाद रंगतो. पुन्हा रंगेल तेव्हा परदेशातल्या मुलांना जरूर जाब विचारा, मलाही विचारा, मी उत्तर देईन. पण त्याच चर्चेत रायगड-रत्नागिरीच्या आमदार-खासदारांना बसवा, सुट्टी नाकारणाऱ्या मालकांनाही बसवा, आणि इंदापूर-माणगावचे बाह्यवळण रस्ते कोणत्या महिन्यात खुले होणार ते तारखेसकट वदवून घ्या.